विनोदी साहित्यातील अविवाहित नायक आणि त्याच्याभोवतीच्या स्त्रिया : ‘आत्या’ व ‘मावशी’ यांच्या संदर्भात

प्रस्तावना

फजिती पावणारा अविवाहित पुरुष हा विनोदी साहित्याचा एक जुना आणि भरवशाचा नायक होय. त्याला जगात काही मोठे साध्य करावयाचे नसते. त्याला केवळ सुखाने राहावयाचे असते. परंतु त्याच्या सुखाविषयी इतरांच्या, विशेषतः त्याच्याभोवतीच्या स्त्रियांच्या, काही ठाम कल्पना असतात आणि तेथूनच विनोदाला प्रारंभ होतो. या नायकाविषयी समीक्षेत बरेच लिहिले गेले आहे. त्याच्याभोवतीच्या स्त्रियांचा विचार मात्र बहुधा ‘खाष्ट’, ‘लाडिक’, ‘आधुनिक’ अशा दोन-तीन विशेषणांवर थांबतो.

प्रस्तुत लेखात या स्त्री-व्यक्तिरेखांचा विचार कथानकातील त्यांच्या कार्याच्या अंगाने करण्याचा प्रयत्न आहे. पी. जी. वुडहाउस (१८८१–१९७५) यांच्या बर्टी वूस्टर-कथा हा तुलनेचा आधार असून, आचार्य प्र. के. अत्रे (१८९८–१९६९) यांचे ‘मोरूची मावशी’ हे नाटक व ‘ब्रह्मचारी’ हा चित्रपट, तसेच चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांची चिमणराव-गुंड्याभाऊ ही जोडी हे मराठीतील मुख्य संदर्भ आहेत. कथा, नाटक आणि चित्रपट यांचे तंत्र वेगळे असते याची जाणीव ठेवूनच ही तुलना केली आहे. येथे प्रश्न तंत्राचा नसून अविवाहित पुरुषाभोवती समाज कोणत्या स्त्रिया उभ्या करतो आणि त्यांच्या हाती काय देतो, हा आहे.

बर्टी वूस्टरचे स्त्री-मंडळ

बर्टी वूस्टर हा आई-वडिलांविना वाढलेला, पैशाची ददात नसलेला इंग्रज तरुण. १९१५ मधील एका कथेत तो प्रथम अवतरला आणि १९७४ मधील शेवटच्या कादंबरीपर्यंत अविवाहितच राहिला. जवळजवळ साठ वर्षे त्याचे लग्न ठरत होते आणि मोडत होते. या दीर्घ प्रवासात त्याच्याभोवती आलेल्या स्त्रियांचे स्थूलमानाने तीन गट करता येतात.

पहिला गट वडीलधाऱ्या स्त्रियांचा. अगाथा आणि डालिया या दोघी बर्टीच्या वडिलांच्या बहिणी. अगाथा ही घराण्याच्या प्रतिष्ठेची राखणदार. पहिल्याच कथेत ती बर्टीला न्यूयॉर्कला धाडते, ते रंगमंचावर काम करणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडलेल्या त्याच्या भावंडाला त्या लग्नापासून परावृत्त करण्यासाठी. डालिया प्रेमळ, मोठ्या आवाजाची, शिकारीच्या मैदानावर वाढलेली; ती स्त्रियांसाठी एक साप्ताहिक चालवते आणि त्याच्या खर्चासाठी पतीकडून पैसे कसे मिळवावेत या विवंचनेत असते. अगाथा हुकूम सोडते, डालिया अडवणूक करते. ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ (१९३८) या कादंबरीत चांदीचे एक गायीच्या आकाराचे दुधाचे भांडे चोरून आणले नाही तर अनातोल या आपल्या आचाऱ्याच्या हातचे जेवण बंद होईल, अशी तंबी ती भाच्याला देते.

दुसरा गट नायकाला ‘घडवू’ पाहणाऱ्या तरुणींचा. फ्लॉरेन्स क्रे ही त्याला नीतिशास्त्रावरचा जड ग्रंथ वाचावयास लावते. मानसरोगतज्ज्ञाची कन्या असलेली धिप्पाड, क्रीडापटू ऑनोरिया ग्लॉसप त्याची आळशी बुद्धी वळणावर आणण्याचा विडा उचलते. तिसरा गट नायकाला कामाला जुंपणाऱ्या तरुणींचा. बॉबी विकम, स्टिफी बिंग यांना बर्टीशी लग्न करावयाचेच असते असे नाही. आपल्या खोडसाळ बेतासाठी त्यांना एक बळीचा बकरा हवा असतो.

या साऱ्यांहून निराळी म्हणजे मॅडलिन बॅसेट. ‘राइट हो, जीव्हज’ (१९३४) मध्ये बर्टी आपल्या लाजाळू मित्राच्या वतीने तिच्याशी बोलावयास जातो आणि ती ते बोलणे त्याच्याच प्रेमाची कबुली समजते. पुढे जेव्हा जेव्हा तिचे लग्न मोडते, तेव्हा तेव्हा ती बर्टीवर ‘उपकार’ करावयास सिद्ध होते. बर्टीला नकार देता येत नाही, कारण सभ्य पुरुषाने स्त्रीचा असा गैरसमज दूर करणे हे त्याच्या आचारसंहितेत बसत नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की या जगात बेत आखणाऱ्या सर्व स्त्रिया आहेत. बर्टीपाशी बेत नाही. त्याच्यापाशी फक्त जीव्हज हा सेवक आहे. आपल्याला सुधारले जाईल, ही बर्टीची खरी भीती. तो आर्थिकदृष्ट्या आत्यांवर अवलंबून नाही, तरीही त्यांच्यासमोर शाळकरी पोर होतो. अगाथाची सत्ता पैशाची नाही. ती बालपणापासून अंगवळणी पडलेल्या धाकाची आहे. म्हणूनच तिच्याविषयीचा विनोद निव्वळ स्त्रीद्वेष ठरत नाही. प्रौढ पुरुषाच्या आत दडलेल्या मुलाकडे पाहून वाचक हसतो.

मात्र या लेखनाची मर्यादाही स्पष्ट सांगावयास हवी. सर्व काही बर्टीच्या तोंडून कळते. ऑनोरियाचे लग्न मोडते तेव्हा तिला काय वाटले असेल, हे आपणास कळत नाही, कारण निवेदक त्या वेळी सुटकेचा नि:श्वास टाकण्यात मग्न असतो. या स्त्रियांना कृती आहे, वाणी आहे, अंतर्मन नाही.

‘आंट’ या शब्दाचा पेच

वुडहाउसची ‘आंट’ मराठीत आणावयाची तर पहिलीच अडचण नात्याची येते. इंग्रजीतील हा एक शब्द मराठीत आत्या, मावशी, काकू आणि मामी अशा चार नात्यांत विभागला जातो आणि प्रत्येक नात्याचा सूर वेगळा. अगाथा व डालिया या नात्याने आत्या ठरतात. पण मराठी मनात आत्या म्हटले की बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणारी, भावाच्या घरी मान घेणारी स्त्री उभी राहते. तिचा मान प्रसंगाचा आहे. रोजच्या कारभाराचा नाही. भावाच्या घरात तिने पुतण्या-भाच्यांच्या आयुष्याची सूत्रे हलवावीत, अशी रचनाच नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पांढरपेशा घरांत तर आत्या अनेकदा विधवा होऊन माहेरी परतलेली, घरातील कष्ट उपसणारी आणि मंगलकार्यात मागे राहणारी स्त्री होती. तिच्यातून अगाथा कशी निर्माण व्हावी?

या ठिकाणी इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचे विवेचन उपयुक्त ठरते. १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात त्यांनी महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्यामधील प्रदेश मानले असून, येथील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह संमत असल्याचे दाखविले आहे. म्हणजे आपल्याकडे आत्या, मामी ही नाती केवळ जिव्हाळ्याची नसून विवाहाच्या गणितात गुंतलेली आहेत. ज्या मुलाला मामाची मुलगी करता येते, त्याची मामी ही संभाव्य सासू असते आणि त्या मुलीच्या दृष्टीने त्याची आई ही आत्याही असते आणि संभाव्य सासूही. अशा समाजात आत्याचा हस्तक्षेप ‘लुडबूड’ राहत नाही. तो रीतसर व्यवहार होतो. आणि रीतसर व्यवहारातून वुडहाउसच्या जातीचा विनोद निर्माण होणे अवघड असते. तो विनोद अधिकार नसताना गाजविलेल्या अधिकाराचा आहे.

‘मोरूची मावशी’ : नसलेल्या स्त्रीचे नाटक

ब्रँडन थॉमस यांचे ‘चार्लीज आंट’ हे प्रहसन १८९२ मध्ये रंगभूमीवर आले आणि लंडनमध्ये त्याचे सलग १,४६६ प्रयोग झाले. अत्रे यांनी १९४७ मध्ये त्याचे मराठी रूपांतर केले, तेव्हा त्यांनी ‘आंट’साठी ‘मावशी’ हा शब्द निवडला. ‘मोरू’शी जुळणारा अनुप्रास हे त्याचे एक कारण सहज दिसते. परंतु ही निवड नादापुरती नाही. ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणणाऱ्या भाषेत मावशी हे आईच्या खालोखाल विश्वासाचे नाते आहे. तरुण मुलींना अविवाहित पुरुषांच्या घरी येण्यास संमती मिळावी यासाठी घरात एक वडीलधारी स्त्री हवी. ती मावशी असेल तर कोणी शंका घेणार नाही. नाटकातील सारा डाव या विश्वासावर उभा आहे.

आत्याविषयी आपली भाषा नेमके उलट बोलते. अशक्य गोष्टीवरील वाद उडवून लावताना आपण आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते, असे म्हणतो. अत्र्यांच्या नाटकात मिशांची बाई प्रत्यक्ष अवतरते. फक्त ती आत्या नसून मावशी आहे. म्हणीने जे अशक्यतेचे उदाहरण म्हणून सांगितले, ते रंगमंचाने शक्य करून दाखविले.

या नाटकाचा मर्मभाग असा की अविवाहित तरुणाला लग्नापर्यंत पोहोचण्यासाठी ज्या स्त्रीची सर्वाधिक गरज आहे, ती स्त्री ऐन वेळी जागेवर नाही. तिची जागा पुरुषाला भरावी लागते. स्त्रीचा वेष चढविताच त्या पुरुषाला स्त्रीच्या वाट्याचे अनुभव येऊ लागतात. पैशाच्या लोभाने वयस्क पुरुष त्याच्या मागे लागतात, नको ती लगट करतात, आणि नकार दिला तरी तो नकार मानला जात नाही. प्रेक्षक पोट धरून हसतो, पण हसता हसता एकट्या, श्रीमंत, प्रौढ स्त्रीकडे पुरुष कोणत्या नजरेने पाहतात हेही पाहून घेतो. ही टीका नाटकाने जाहीर केलेली नाही. ती प्रहसनाच्या यंत्रणेतून आपोआप घडते. १९८० च्या दशकात विजय चव्हाण यांनी ही भूमिका पुन्हा लोकप्रिय केली, तेव्हाही टाळ्या वेषांतराइतक्याच मावशीच्या या पळापळीला मिळत होत्या.

तथापि, खऱ्या तरुणींचे या नाटकातील स्थान तपासले तर निराशा होते. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्या मुली कथानकात उद्दिष्टासारख्या उभ्या आहेत. चातुर्य, धडपड, हजरजबाबीपणा हे सारे ‘मावशी’ला, म्हणजे पुरुषाला मिळाले आहे. स्त्रीच्या वेषाला जे स्वातंत्र्य मिळाले, ते स्त्रीला मिळालेले नाही.

‘ब्रह्मचारी’ : किशोरीचा पुढाकार आणि त्याची किंमत

‘ब्रह्मचारी’ (१९३८) हा हंस पिक्चर्सचा, मास्टर विनायक दिग्दर्शित चित्रपट. कथा अत्र्यांची. यातील औदुंबर (विनायक) हा ब्रह्मचर्यावरील व्याख्यानाने भारावतो, भिंतीवरील नट्यांची छायाचित्रे फेकून देतो आणि व्रतस्थ तरुणांच्या संस्थेत दाखल होतो. किशोरी (मीनाक्षी शिरोडकर) हिच्या प्रवेशाने त्याचा निग्रह डळमळतो.

बर्टीचे अविवाहितपण हा स्वभाव आहे. औदुंबरचे अविवाहितपण हा संकल्प आहे. हा भेद मोठा आहे. १९३० च्या दशकातील महाराष्ट्रात ब्रह्मचर्य, व्यायाम आणि देशकार्य यांची सांगड घातली जात होती आणि अत्र्यांच्या उपहासाचा रोख त्या सांगडीवर होता. संकल्पाची फजिती करावयाची तर तो मोडणारे कोणी हवे. जुन्या पुराणकथांत हे काम मेनकेकडे असे. पण मेनकेला इंद्राने पाठविलेले असते. किशोरीला कोणी पाठविलेले नाही. ती आपल्या मनाने पुढे येते. मराठी विनोदात स्वतःच्या इच्छेने पुढाकार घेणाऱ्या तरुणींमध्ये तिचे स्थान म्हणूनच महत्त्वाचे आहे.

परंतु हा चित्रपट लोकांच्या स्मरणात कशासाठी राहिला? मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखातील गाण्यासाठी. त्या दृश्याने त्या काळी मोठी खळबळ उडवली आणि किशोरीच्या बुद्धीपेक्षा तिचा देह चर्चेचा विषय झाला. ज्या छायाचित्रांना औदुंबरने भिंतीवरून काढले, त्यांच्याच जागी प्रेक्षकांनी किशोरीला नेऊन लावले, असे म्हणावे लागते. वुडहाउसच्या तरुणींना ही किंमत द्यावी लागत नाही. बर्टी त्यांच्या रूपाचे कौतुक करून मोकळा होतो. कथा पुढे चालते ती त्यांच्या बेतांवर. किशोरीचा बेत मात्र तिच्या दिसण्याच्या आड जातो.

चिमणराव : अविवाहित नायक टिकत का नाही?

मराठीला साठ वर्षे अविवाहित राहणारा बर्टी का मिळाला नाही, या प्रश्नाचे उत्तर चिं. वि. जोशी यांच्या लेखनात शोधता येते. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ (१९३३) पासून घराघरांत पोहोचलेला चिमणराव हा गरीब स्वभावाचा, सतत तोंडघशी पडणारा माणूस. वृत्तीने तो बर्टीचा सख्खा भाऊ शोभावा. बर्टीप्रमाणेच आपली फजिती तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. पण त्याच्याभोवती आई आहे, बहीण चिमी आहे, पत्नी काऊ आहे, मुले आहेत. त्याला कुटुंबापासून तोडून पाहताच येत नाही.

आपल्याकडे लग्न ही व्यक्तीची कृती नसून घराची कामगिरी आहे. ‘घर पहावे बांधून, लग्न पहावे करून’ ही म्हण लग्नाकडे कष्टाचे काम म्हणून पाहते आणि ते करणारा कर्ता म्हणून कुटुंबाकडे. याच म्हणीचा उत्तरार्ध चिं. विं.च्या कथेवर आधारित १९४० च्या चित्रपटाचे शीर्षक झाला, हे सूचक आहे. गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या टोपणनावाने लिहिलेल्या विनोदी लेखांतही लग्न ही मोहीम आहे. ती ठकीच्या लग्नाची, म्हणजे वधूपक्षाची. बाळकराम, तिंबूनाना यांच्यासारखे पुरुष ती लढवितात. जिच्यासाठी लढाई, ती ठकी रणांगणाबाहेर.

आणखी एक फरक नोंदविण्यासारखा आहे. बर्टीला स्त्रियांच्या बेतांतून सोडविणारा जीव्हज हा बुद्धिमान सेवक आहे. चिमणरावाच्या मदतीला धावणारा गुंड्याभाऊ हा नात्यातला, शरीराने दणकट आणि उतावळा. जीव्हज संकट मिटवितो, गुंड्याभाऊ बहुधा ते वाढवितो. त्यामुळे शेवटी घर सावरण्याचे काम घरातील स्त्रियांकडेच येते. वुडहाउसच्या स्त्रिया संकट निर्माण करतात, चिं. विं.च्या स्त्रिया संकटानंतरचा संसार चालवितात. त्यांना कमी विनोद मिळाला आहे, पण अधिक वास्तव मिळाले आहे.

आजच्या संदर्भात

हा विचार केवळ जुन्या ग्रंथांपुरता राहत नाही. एकीकडे हिंजवडीचे संगणक उद्योग आणि दुसरीकडे भातशेती अशा मुळशी तालुक्यासारख्या भागात, आणि एकूणच ग्रामीण महाराष्ट्रात, ‘लग्न न जमणारा तरुण’ हा आज पुन्हा विनोदाचा विषय झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेषात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. २०२४ मध्ये ‘नवरदेव बीएस्सी अॅग्री’ हा शेतकरी वराच्या अडचणींवरील चित्रपट आला. राज्यातील शून्य ते सहा वयोगटातील मुलींचे दरहजारी प्रमाण २००१ च्या जनगणनेत ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ झाले. सोलापूरच्या मोर्च्यामागे जसा शेतीतील अनिश्चिततेचा प्रश्न होता, तसाच जन्मालाच न येऊ दिलेल्या मुलींचाही होता.

या विषयावर जे किस्से आज सांगितले जातात त्यांचा रोख मात्र बहुधा ‘मुलींच्या वाढलेल्या अपेक्षां’कडे असतो. येथे जुन्या विनोदाशी असलेला फरक ध्यानात येतो. बर्टीच्या कथेत हसू बर्टीला येते, ‘मोरूची मावशी’त हसू लोभी म्हाताऱ्यांना येते, ‘ब्रह्मचारी’त हसू पोकळ व्रताला येते. आजच्या किश्शांत हसू त्या मुलीला येते, जी कथेत उपस्थितच नाही आणि जिचा एकमेव अपराध म्हणजे तिने नकार दिला. अविवाहित नायकाभोवतीच्या स्त्रिया नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी एक दोषारोप शिल्लक राहिला. वर्गात हे साहित्य शिकविताना हा फरक विद्यार्थ्यांसमोर ठेवणे, हे मला अध्यापकाचे कर्तव्य वाटते. आपल्या वर्गात पुढील बाकावर हसणारा तरुण आणि मागील बाकावर न हसणारी तरुणी, दोघेही याच प्रश्नाच्या दोन बाजूंना बसलेले असतात.

निष्कर्ष

१) अविवाहित नायकाच्या विनोदात कथानकाची चालक शक्ती नायक नसून त्याच्याभोवतीच्या स्त्रिया असतात. वुडहाउसच्या लेखनात हे सर्वाधिक स्पष्ट दिसते. मात्र तेथेही या स्त्रियांना अंतर्मन लाभलेले नाही.

२) ‘आंट’ या एका शब्दाच्या जागी मराठीत चार नाती उभी राहतात. अत्र्यांनी ‘मावशी’ निवडली, कारण नाटकाचा डाव विश्वासाच्या नात्यावर उभा होता. अगाथासारखी आत्या मराठीत न घडण्याचे कारण प्रतिभेच्या उणिवेत नसून आत्येच्या कौटुंबिक स्थानात आहे.

३) मराठीत स्त्रीच्या वाट्याचा पुढाकार वेषांतरित पुरुषाकडे जातो किंवा, किशोरीप्रमाणे, देहप्रदर्शनाच्या चर्चेत हरवतो. चिं. विं.च्या स्त्रियांना पुढाकार कमी असला तरी संसाराचा भार व त्यातून येणारे भान आहे.

४) विनोदाची नैतिक कसोटी त्यात कोणाला हसू येते यावर ठरते. या कसोटीवर जुने प्रहसन आजच्या अनेक किश्शांहून अधिक न्यायी ठरते.

मंगला गोडबोले, पद्मजा फाटक यांच्यासारख्या लेखिकांनी मराठी विनोदाला स्त्रीचे निवेदन मिळवून दिले आहे. ज्याचे लग्न पुन्हा पुन्हा मोडते अशा बर्टीची कथा ऑनोरियाच्या तोंडून, किंवा लग्न न जमणाऱ्या तरुणाची कथा त्याला नकार देणाऱ्या मुलीच्या तोंडून, तितक्याच खेळकरपणे सांगितली गेली तर या परंपरेतील मोठी उणीव भरून निघेल.